आगटीभोवतीची जागा

१

आगटी खणायची कल्पना खरं तर रादोची. त्याच्या ते आता लक्षातही नसेल.

रादो आमचा मुलगा. आयर्लंडला मांसाच्या कारखान्यात असतो. वसंतात त्याचा फोन आला, तेव्हा मी नेहमीचंच विचारलं, या उन्हाळ्यात येताय ना? तो म्हणाला, पोरं कंटाळतात गं आई तुमच्याकडे. इथं शेजाऱ्यांच्या परसात आगटी आहे, संध्याकाळ झाली की सगळे भोवती बसतात, काहीतरी भाजतात, गप्पा होतात. तुमच्याकडे काय, टीव्ही आणि कोंबड्या.

आमच्या फोनचा आवाज मोठा आहे. इमरिख, माझा नवरा, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो सोलतच राहिला. तो कधीच फारसा बोलायचा नाही. सगळा जन्म सॉ मिलमध्ये गेला. तिथल्या आवाजात बोलायची सोय नव्हती आणि घरी आल्यावर सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन तो परसात उभा. घरापासून लांब, आलुबुखाराच्या झाडांपासूनही लांब अशी जागा त्याने निवडली. मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खिळा धरून गोल फिरला. वरचं गवत मुळांसकट चकतीसारखं सोलून बाजूला ठेवलं. मग गुडघाभर खणलं, तळाला खडी टाकली, वर वाळू पसरली. मी म्हटलं, दगड ओढ्यातले आण, जवळ पडतील. तो म्हणाला, ओढ्यातले नकोत, त्यांच्या पोटात पाणी असतं, तापले की फुटतात.

म्हणून तो वरच्या आळीत गेला. वरच्या आळीत आता कोणी राहत नाही. काही जर्मनीला गेले, काही आयर्लंडला, उरलेले दफनभूमीत. छपरं खाली आलीत, भिंतींतून झाडं वर गेलीत. त्या घरांमधल्या पडलेल्या चुलींचे दगड त्याने हातगाडीवर घालून आणले. चांगले चौकोनी दगड होते, एक बाजू काळी झालेली. काळी बाजू आत ठेवून त्याने त्यांचा गोल रचला.

गिझेला मावशी कुंपणापलीकडून बघत होती. ती आमच्याहून मोठी, एकटी राहते, आणि सगळ्या गावाकडे तिचं लक्ष असतं.

"दुसऱ्यांच्या चुलींचे दगड आहेत ते," ती म्हणाली. "विचारलंस का कुणाला?"

"कुणाला विचारू?" इमरिख म्हणाला. "कोणी आहे का तिथं?"

मावशीने खांदे उडवले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

२

बसायला त्याने ओकचे ओंडके कापले. आम्ही दोघं, रादो, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, आमची मुलगी स्लाव्का आणि तिचा नवरा, असे आठ. नातवंडांचे दोन बुटके. प्रत्येकाच्या कडा त्याने पॉलिश कागदाने घासल्या, कुणाच्या कपड्यांना कुसळ लागू नये म्हणून. मला विचाराल तर माझ्यासाठी त्याने इतकी घासाघीस कधी केलेली मला आठवत नाही.

आगटी अजून पेटवली नव्हती. माणसं आल्यावरच पेटवायची, असं त्याने ठरवलं होतं.

जूनमधली एक सकाळ. मी कोंबड्यांना सोडायला परसात गेले. रात्रभर दव पडलं होतं, चपला ओल्या झाल्या. ओंडकेही ओले होते, वर थेंब साचलेले. फक्त एक कोरडा होता. इमरिखच्या ओंडक्यापासून तिसरा.

मी सहज त्यावर हात टेकला. तो गरम होता.

उन्हाचं गरम वेगळं असतं, ते वरवरचं असतं, आणि त्या दिवशी ऊनही नव्हतं, ढग डोक्यावर टेकले होते. बसमध्ये कोणी उठून गेल्यावर लगेच तिथं बसलं की खालून जसं लागतं, तसं ते होतं. मी चटकन हात काढला. मग स्वतःलाच हसले. मी डेअरीत दूध तपासायचं काम केलं आहे. दुधात पाणी आहे की नाही हे जिभेवर न विसंबता काचेच्या नळीवर बघायची माझी सवय. मांजर बसलं असेल, मी ठरवलं. मांजर दव पडायच्या आधीपासून बसलं असेल आणि मला बघून पळालं असेल.

आमच्या गल्लीत मांजर नाही, गिझेला मावशीच्या कुत्र्याने ठेवलेलंच नाही, हे मला घरात आल्यावर आठवलं.

३

जुलैच्या पहिल्या रविवारी सगळे येणार होते. मी दोन दिवस भाजत, तळत होते. इमरिखने हेझलच्या काठ्या तासून टोकदार केल्या, सॉसेजना चिरा पाडल्या, डुकराच्या चरबीचे जाड तुकडे कापून कांद्याशेजारी मांडून ठेवले.

दुपारी स्लाव्काचा फोन आला. ती ब्रातिस्लाव्हाला, राजधानीत असते, देशाच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्याची ऐनवेळी ड्युटी लागली होती. तिच्यामागोमाग रादोचा. तिकिटं महाग झाली होती, पोरांचं कसलं तरी शिबिर निघालं होतं, खरं तर त्याने आधीच कळवायला हवं होतं. मी फोन इमरिखकडे दिला. "बरं," तो म्हणाला. "बरं, बरं. पुढच्या वेळी." आणि फोन जागेवर ठेवून परसात गेला.

मी मागोमाग गेले आणि म्हटलं, राहू दे आज. तो म्हणाला, लाकडं रचून झालीत.

त्याने बर्चची साल पेटवली, वर बारीक काटक्या, मग बीचच्या लाकडाच्या फोडी. आग लगेच धरली. आम्ही दोघं आठांच्या गोलात बसलो. मोकळे ओंडके बघवत नव्हते म्हणून मी आगीकडे बघत होते. आमच्याकडे म्हणतात, जो खोटं बोलतो त्याच्या मागे धूर लागतो. तो माझ्याच डोळ्यांत येत होता. मी बाजूला सरकले, मग तो समोर वळला.

समोर, त्या तिसऱ्या ओंडक्यापाशी, तो फाटला.

ओढ्यात मोठा दगड असला की पाणी दोन बाजूंनी जातं आणि पुढे पुन्हा एक होतं, तसाच धूर तिथं दुभंगत होता. ओंडक्याच्या वर एक स्वच्छ जागा उरत होती. खांद्यांइतकी रुंद, वर निमुळती. वारा फिरत असेल, मी म्हटलं मनाशी. ओंडका तापून त्याच्यावरची हवा वर जात असेल. मग मी उठले, त्या जागेतून हात फिरवून बघावा म्हणून. हात पुढे केला आणि मागे घेतला. का, ते मला नीट सांगता येत नाही. अनोळखी माणसाच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, एवढंच वाटलं.

इमरिखही तिकडेच बघत होता.

"बसू दे," तो हळू म्हणाला.

"काय?"

"आग. बसू दे जरा. निखारे झाले की भाजू."

४

त्यानंतर तो रोज दुपारी आगटी पेटवायला लागला. आधी मला बरंच वाटलं. मनाला लावून घेऊन पलंगावर पडून राहण्यापेक्षा हे बरं. मग मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं बोलणं ऐकू यायला लागलं.

शब्द कळायचे नाहीत. लय कळायची. तो दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा, नुसता गप्प बसायचा नाही, समोरच्याचं ऐकताना थांबतात तसा थांबायचा. मान हलवायचा. कधी हसायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षात मी त्याचं ते हसणं ऐकलं होतं, नंतर नाही. भांडी घासताना माझे हात पाण्यातच राहायचे. मला भीती वाटत होती की मत्सर, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आताही येत नाही.

तो आत येऊन पाव मागायचा. किती कापू, विचारलं की म्हणायचा, काप सगळा, उरला तर कोंबड्यांना. काही उरायचं नाही.

मी त्याला प्रेशोवला, शहरात, डॉक्टरकडे नेलं. त्यांनी त्याला वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. इमरिखने सगळं बरोबर सांगितलं, आणि डॉक्टरांच्या खुर्चीचा पाय सैल आहे हेही सांगितलं. डॉक्टर हसले. मला बाहेर नेऊन म्हणाले, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, त्यांना जरा माणसांत मिसळू द्या.

मग एका सकाळी मी डेअरीतला जुना थर्मामीटर शोधून काढला. ओंडक्यांवर एकेक करून टेकवला. दोन थंड होते, माझा आणि इमरिखचा. बाकीच्यांवर पारा चढला, नुकत्याच काढलेल्या धारेच्या दुधात चढतो तिथपर्यंत. बुटक्या दोन ओंडक्यांवरही. मी थर्मामीटर पुसला, झटकला, पुन्हा लावला. मग तो खिशात घालून घरात गेले आणि गॅसवर दूध ठेवून विसरले, ते सगळं उतू गेलं.

इमरिख केस कापायला खाली गेला होता त्या दिवशी मी ओंडके शेडमध्ये हलवायचं ठरवलं. आडवा करायचा आणि ढकलायचा, एवढंच. पहिले दोन गेले. तिसरा आडवाच होईना. ओक जड असतो हे मला ठाऊक आहे, पण जड वस्तू गप्प जड असते. हे दुसरंच होतं. मूल उचलायला गेलं आणि त्याला यायचं नसलं, की ते अंग सोडून देतं, तेव्हा ते जेवढं जड होतं तसं. मी दोन्ही हातांनी जोर लावला, घाम आला, आणि एकदम मला वाटलं की माझ्या भोवतीची सगळी परसबाग थांबून माझ्याकडे बघते आहे. कोंबड्यांचाही आवाज नव्हता.

इमरिख परत आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. तो चिडला नाही. शेडमध्ये गेला, दोन्ही ओंडके परत घेऊन आला, एका हाताने, लीलया, आणि जागेवर ठेवताना प्रत्येकाला म्हणाला, "माफ करा."

मग माझ्याकडे वळला.

"बसलेल्या माणसांना असं उठवतात का, वेरोना?"

५

मी दोन्ही मुलांना फोन केले. काय सांगितलं ते आता आठवत नाही; रडले असणार, कारण दोघंही आली. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, सगळा मुलूख कबरींवर मेणबत्त्या लावायला गावी येतो तेव्हा. बायको, नवरा, पोरं कोणी नाही, दोघंच. रादोचे केस विरळ झाले होते. स्लाव्काने दारातच मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून परसाकडे बघितलं. आग पेटलेली होती.

इमरिख त्यांना बघून उभा राहिला. हसला, हात पुसून दोघांशी हस्तांदोलन केलं. स्वतःच्या मुलांशी. प्रवास कसा झाला विचारलं. मी शेजारी उभी राहून बघत होते. त्याच्या वागण्यात काहीच चुकीचं नव्हतं. चांगल्या घरचा माणूस पाहुण्यांशी वागतो तसा तो वागत होता.

"माझा कुठला, बाबा?" स्लाव्काने विचारलं. ओंडक्यांबद्दल मी फोनवर बोलले असणार.

त्याने गोलावरून नजर फिरवली. भरलेल्या बसमध्ये म्हातारी चढली आणि आपल्याला उठता येत नसलं, की माणूस जसा ओशाळतो तसा तो ओशाळला.

"उशीर केलात गं," तो म्हणाला. "सगळ्या जागा गेल्या."

"कुणाला गेल्या?" रादो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "दीड दिवस प्रवास करून आलोय मी. कुणाला दिल्यात जागा?"

"जे आले त्यांना."

रादोने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो तरातरा गेला आणि तिसऱ्या ओंडक्यावर बसला.

काही झालं नाही. लाकूड तडतडलं. इमरिख खाली बघत राहिला, पंगतीत कोणी वेडंवाकडं वागलं की यजमान बघतो तसा. मग वारा वळला आणि धूर रादोकडे गेला. मला वाटलं होतं, आता तो त्याच्या डोळ्यांत जाईल, तो खोकेल, शिव्या देईल आणि हे सगळं संपेल. धूर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तो फाटला, आणि रादोच्या अंगापेक्षा कितीतरी रुंद फाटला. स्वच्छ जागा त्याच्या मागून वर गेली होती आणि दोन्ही बाजूंनी पुढे येऊन त्याच्या छातीपाशी मिळाली होती.

स्लाव्काने माझं मनगट धरलं. तिलाही दिसत होतं.

रादोचे खांदे खाली आले. तोंड किंचित उघडं पडलं. इतका थकलेला आणि इतका निवांत मी त्याला लहानपणी तापातून उठल्यावरच बघितलं होतं. बराच वेळ तो तसा बसला. मग उठला, हळूहळू, कोणाचे तरी हात सोडवून उठावं तसा. आमच्याकडे न बघता नळाशी गेला आणि थंड पाण्याखाली हात धरून उभा राहिला.

स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला, "सामान बांध, आई."

"काय झालं? काय होतं तिथं?"

"काही नाही." तो बाही खाली ओढत होता, ओढतच होता. "बरं वाटत होतं. म्हणून उठलो."

इमरिखला मी चल म्हटलं. मुलांसमोर म्हटलं, हात धरून म्हटलं. तो म्हणाला, पाहुणे बसलेत, त्यांना टाकून कसा येऊ. आणि मला टाकतोयस ते, मी विचारलं. त्याने माझा हात थोपटला.

"तू जातेयस, वेरोना. मी कुठं जातोय?"

६

ब्रातिस्लाव्हाला स्लाव्काच्या बैठकीच्या खोलीत सोफा उघडला की माझा पलंग व्हायचा, आणि सकाळी लवकर तो बंद करावा लागायचा. जावई सज्जन आहे. मी किती दिवस राहणार हे त्याने कधी विचारलं नाही. फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने पुढच्या महिन्याचे बेत सांगायचा.

रादो परत गेला. त्या दिवसाबद्दल आम्ही तिघांनी पुन्हा अक्षर काढलं नाही. स्लाव्काने स्वतःसाठी एक उत्तर शोधलं होतं: बाबांना म्हातारपण लागलंय आणि धुरात माणसाला काहीही दिसतं. मी मान डोलावायचे.

इमरिखशी फोनवर बोलणं व्हायचं. आवाज खुशीत असायचा. मागे ताटल्यांचा आवाज, काहीतरी सरकवल्याचा. टीव्ही लावलाय का, विचारलं की म्हणायचा, नाही. नाताळनंतर तो घाईत असायला लागला. "नंतर करतो," म्हणायचा, "आम्ही जेवायला बसलोय." नंतर करायचा नाही. मग त्याने फोन उचलणंच सोडलं.

मी गिझेला मावशीला फोन केला. ती म्हणाली, ठणठणीत आहे तो, गाल वर आलेत, बर्फातसुद्धा रोज आग पेटवतो. मग जरा थांबून तिने विचारलं, "पोरं राहायला आलीत का गं तुझी? परसात फार गजबज असते. मला वाटलं, बरं झालं."

मी हो म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

ईस्टरच्या आधी मी एकटी निघाले. स्लाव्काला सांगितलं, बाबांना गोड पाव आणि हॅम देऊन येते. आगगाडी, मग बस. गावात उतरले तेव्हा भर दुपार होती, ऊन पडलं होतं, आलुबुखारं फुललेली. असं स्वच्छ ऊन असताना माणसाला स्वतःच्याच भीतीची लाज वाटते. मी चढ चढताना ठरवलं, आधी घर झाडून घ्यायचं, पडदे धुवायचे, आणि आता इथंच राहायचं. नवरा आहे माझा. मी का सोफ्यावर झोपायचं?

परसाचं फाटक मी पुढे लोटलं नाही, कारण आतून त्याचा आवाज येत होता.

इमरिख माझ्याकडे अर्धी पाठ करून बसला होता. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. धूर दाट होता, ओल्या लाकडाचा, आणि गोलभर तो ठिकठिकाणी फाटत होता, बुटक्या जागांपाशी खाली, मोठ्यांपाशी वर. मी मोजलं नाही. माझी नजर त्याच्या शेजारच्या ओंडक्यावर होती. तो माझा. तिथलीही जागा स्वच्छ होती. बारीक अंगाची, मान थोडी त्याच्याकडे कललेली. इमरिखने काठीवरची चरबी पावावर निथळवली, वर कांदा ठेवला आणि तो पाव तिकडे पुढे केला. मग दुसऱ्या हाताने त्या बाजूचा धूर वारायला लागला. तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. फार सावकाश, फार काळजीने.

माझ्या हातातली पिशवी फाटकाला लागली असावी. त्याने वळून बघितलं.

ऊन माझ्या तोंडावर होतं. तो मला नीट बघू शकत होता. त्याने कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले, मग उठून दोन पावलं पुढे आला. चेहरा ओळखीचा, दाढी नीट केलेली, हनुवटीवर तोच जुना वण.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्याने विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याच्या डोळ्यांत थट्टा शोधली. तो वाट बघत होता, सभ्यपणे, दारात आलेल्या परक्या बाईची वाट बघावी तशी. मागे आगीपाशी कोणीतरी काही विचारलं असावं, कारण त्याने मान वळवून ऐकलं आणि म्हणाला, "अगं, कोणी नाही. रस्ता चुकल्या असतील."

ते "अगं" मला म्हटलेलं नव्हतं.

मी नाव सांगू शकले असते. ओरडू शकले असते, गिझेला मावशीला हाक मारू शकले असते. पण सांगितल्यावरही तो तसाच बघत राहिला असता तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि त्यापुढे मला काही सुचत नव्हतं.

"घर चुकलं माझं," मी म्हटलं.

"होतं असं," तो म्हणाला. "इथली सगळी घरं सारखीच दिसतात." मग फाटकाशी आला, बाहेर हात करून मला बसथांब्याचा रस्ता सांगितला. चर्चपर्यंत सरळ खाली, मग विहिरीपाशी डावीकडे. उतार आहे, जपून जा म्हणाला.

मी सगळं ऐकून घेतलं आणि त्याने सांगितलेल्या रस्त्याने खाली गेले.